एमबीएच्या अर्जातला निबंध: सपाट ड्राफ्ट दुरुस्त कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या एका ऑटो-पार्ट्स कारखान्यात पाच वर्षं क्वालिटी विभागात नोकरी, जीमॅट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर हातात, जानेवारीच्या राऊंड 2 मध्ये (अर्जांच्या दुसऱ्या फेरीत) अमेरिकेतल्या तीन-चार बी-स्कूलमध्ये आणि शिवाय आयएसबीत (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस), तिच्या तारखेप्रमाणे, अर्ज करायचे आहेत. निबंधाचा दुसरा ड्राफ्ट झालाय. वाचणारे सगळे 'छान आहे' म्हणतात, पण लिहिणाऱ्याला स्वतःलाच तो सपाट वाटतो. आता नेमकं काय दुरुस्त करायचं?

'छान आहे' असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना चूक काढण्यासारखंही काही सापडलेलं नसतं आणि लक्षात ठेवण्यासारखंही नाही. यात इंग्रजीचा दोष क्वचितच असतो. ड्राफ्टमध्ये घटना असतात, आकडे असतात, विशेषणं तर भरपूर असतात. पण अर्जदारानं कुठे, काय आणि का ठरवलं, हेच नसतं. प्रवेश समितीकडे तुमचा रेझ्युमे आहे, गुणपत्रिका आहेत, साहेबांचं शिफारसपत्र आहे. दोन रस्ते समोर असताना हा माणूस कुठला धरतो आणि कशासाठी, हे त्या कागदांवरून कळत नाही. निबंध मागतात तो त्यासाठी.

प्रश्नांची भाषा बघा. स्टॅनफर्ड वर्षानुवर्षं एकच विचारतं: तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय, आणि का? त्याला सुमारे 650 शब्द, आणि 'स्टॅनफर्डच का' याला 350. हार्वर्डनं 2024 मध्ये 900 शब्दांचा एक मोकळा निबंध काढून टाकला आणि त्याजागी तीन छोटे आणले: व्यवसायाकडे बघण्याची दृष्टी (300 शब्द), नेतृत्व (250) आणि जिज्ञासा व वाढ (250). तिन्हींचा रोख साधारण एकच आहे: तुमच्या अनुभवांनी तुम्हाला कसं घडवलं. 250 शब्द म्हणजे टाइप केलेलं जेमतेम अर्धं पान. तिथे प्रस्तावनेला जागाच नाही.

आता एक उतारा जवळून बघू. समजा तुमच्या ड्राफ्टमध्ये असं आहे:

'आमच्या टीमनं सिक्स सिग्माची तंत्रं वापरून अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगचं रिजेक्शन 9 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणलं. हे अत्यंत आव्हानात्मक होतं, कारण अनेक विभागांशी समन्वय साधावा लागला. या अनुभवातून मला टीमवर्क आणि नेतृत्वाचं महत्त्व कळलं.'

यातलं पहिलं वाक्य रेझ्युमेत आधीच आहे. दुसऱ्यात कुणाशी कसला समन्वय, हे नाही. तिसरं वाक्य कुठल्याही अर्जदाराच्या निबंधाला चिकटवता येईल. हाच प्रसंग नीट उकरून काढला की असा होतो:

'रिजेक्शन रात्रपाळीत दुप्पट होतं आणि सगळे जुन्या मशीनला दोष देत होते. मी तीन आठवडे रात्रपाळी मागून घेतली. तिथे दिसलं की ऑपरेटरांना प्रोत्साहन भत्ता मिळत होता शॉटच्या संख्येवर. लीक टेस्ट पास झालेल्या नगांवर नाही. त्यामुळे डायवर, म्हणजे साच्यावर, स्प्रे मारल्यावर ती कोरडी होईपर्यंत थांबायला कुणाकडे वेळ नव्हता, आणि राहिलेल्या पाण्याच्या वाफेनं कास्टिंगमध्ये पोकळ्या धरत होत्या. शिस्तभंगाच्या नोटिसा काढणं सोपं होतं, आणि माझ्या मॅनेजरना तेच हवं होतं. मी भत्त्याचा नियम बदलायची मागणी केली. सुपरवायझरनं ठाम नकार दिला. मुलांचा पैसा कापला जाईल, ही त्याची भीती रास्त होती. म्हणून एकाच मशीनवर सहा आठवड्यांचा प्रयोग ठेवला, आणि त्या काळात कुणालाही जुन्या भत्त्यापेक्षा कमी मिळणार नाही, अशी लेखी हमी प्लँट हेडकडून आधी घेतली.'

'नेतृत्व' हा शब्द यात कुठेही नाही. नोटीस की नियमबदल हे दोन रस्ते दिसतात, मॅनेजरच्या मर्जीविरुद्ध जाण्याची किंमत दिसते, आणि विरोध करणाऱ्याचं म्हणणं अर्जदारानं ऐकून घेतलं हेही दिसतं. तंत्राचा तपशील आहे, पण निर्णय समजायला लागतो तेवढाच. फॅक्टरी कधी पाहिली नाही असा वाचकही तो विनासायास समजून घेतो.

असा उतारा कागदावर आणायला एक उपाय हमखास चालतो: तो प्रसंग मित्राला मराठीत सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. सुपरवायझर काय म्हणाला, साहेब का चिडले, तुम्ही कशाला घाबरलात, हे सगळं बोलण्यात आपसूक येतं. इंग्रजीत लिहायला बसलो की हात आपोआप ऑफिसच्या ईमेलच्या भाषेकडे वळतो आणि माणसं गायब होतात. रेकॉर्डिंग ऐकून मुद्दे उतरवा, मग इंग्रजीत लिहा. रेकॉर्डिंगचं वाक्यन् वाक्य इंग्रजीत नेऊ नका, फक्त घटनाक्रम आणि माणसं उचला.

दुरुस्ती एका बैठकीत होत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो क्रम चुकल्यामुळे. लोक पहिल्या दिवसापासून शब्द बदलत बसतात. ज्या परिच्छेदाला शेवटी कात्री लागणार आहे, त्याचं व्याकरण घासून काढतात. आधी आशय, मग क्रम, मग वाक्यं, आणि शब्दसंख्या सगळ्यात शेवटी.

आशयासाठी ड्राफ्टची प्रिंट काढा आणि तीन रंगांचे हायलायटर घ्या. जे घडलं ते पिवळं, मी जे केलं किंवा ठरवलं ते हिरवं, जो विचार किंवा भावना आहे ते गुलाबी. विशेषणं आणि शिकवणुकीची वाक्यं कोरीच ठेवा. सपाट ड्राफ्टमध्ये पान जवळजवळ पिवळं दिसतं आणि शेवटचा परिच्छेद कोरा. 400 शब्दांच्या निबंधात परिस्थितीला 70 शब्दांपेक्षा जास्त देऊ नका. पेच आणि निर्णयाला 100 ते 120, प्रत्यक्ष केलेल्या कामाला 120 ते 130, निकालाला 30-40, आणि त्यानंतर तुमच्या वागण्यात काय बदललं याला उरलेले. हा शेवटचा भाग लोक हमखास चुकवतात. 'संवादाचं महत्त्व कळलं' याला बदल म्हणत नाहीत. 'त्यानंतर कुठलाही नियम सुचवण्याआधी त्याचा ज्याच्या पगारावर परिणाम होणार त्याच्याशी मी आधी बोलतो. पुढच्याच वर्षी पेंट शॉपमध्ये तेच केलं' हा बदल. एक पुढचं उदाहरण दिलं की शिकवण खरी ठरते.

याच वाचनात प्रत्येक 'आम्ही'पाशी थांबा आणि विचारा: म्हणजे कोण? आपल्याकडे कामाचं श्रेय एकट्यानं घेणं उद्धट वाटतं, त्यामुळे माणूस सगळीकडे 'आम्ही' आणि 'असं ठरलं' लिहितो. समितीला मात्र तुमचा वाटा वेगळा दिसावा लागतो. सगळे 'आम्ही' काढून 'मी' घालणं हाही उपाय नाही. त्यानं निबंध खोटा आणि आत्मप्रौढ वाटतो. श्रेय नावानिशी नाही तरी भूमिकेनिशी वाटा: स्प्रेची वेळ मोजायची कल्पना एका ऑपरेटरची होती, चाचणी मी आखली, भत्त्याचा हिशोब एचआरनं केला. मग तुमचा वाटा स्पष्ट होतो आणि मनाचा मोठेपणाही दिसतो.

क्रमासाठी एक सोपी तपासणी आहे: पहिला परिच्छेद पूर्ण झाकून दुसऱ्यापासून वाचा. काही अडलं नाही तर पहिला काढून टाका. थोरामोठ्यांचं अवतरण, 'लहानपणापासूनच मला', आजच्या वेगानं बदलणाऱ्या जगाचं वर्णन, हे सगळं याच चाळणीत गळतं. आईवडिलांच्या कष्टांबद्दल जरा जपून लिहा. ती गोष्ट खरी असते, मनापासूनची असते आणि स्टॅनफर्डच्या प्रश्नाचं उत्तरही कधीकधी तिच्यातच असतं. पण अर्धा निबंध वडिलांवर गेला तर समितीला वडील आवडतात, तुम्ही दिसत नाही. त्यांच्यासाठी चार वाक्यं ठेवा, आणि त्या वारशातून तुम्ही कुठली निवड केली तिथे लगेच या.

वाक्यांच्या फेरीत भारताबाहेरचा वाचक डोळ्यांपुढे ठेवा. लाख, कोटी, जीईटी, पीएसयू, 'एटू ग्रेड' यातलं काही त्याला कळत नाही. रुपयांचे आकडे डॉलरमध्ये द्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे प्रमाण सांगा: विभागाच्या वार्षिक स्क्रॅप खर्चाचा एक तृतीयांश वाचला. प्रमाणावरून वाचकाला मोठेपणा लगेच कळतो. एक वाक्य एका दमात म्हणता येत नसेल तर ते तोडा. ब्रिटिश की अमेरिकन स्पेलिंग ते एकदा ठरवा आणि सगळ्या अर्जात तेच ठेवा.

मराठी अर्जदारांच्या ड्राफ्टमध्ये एक गोष्ट वारंवार राहून जाते, आणि तिचं खरोखर वाईट वाटतं. नोकरीबाहेरची सगळ्यात सकस सामग्री ते 'हे काय प्रोफेशनल नाही' म्हणून टाकून देतात. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकात कुणी पाच-सहा वर्षं वाजवलेलं असतं, दोन वर्षं सराव सांभाळलेला असतो. निबंधात मात्र त्याचा पत्ता नसतो. असतो तो कंपनीच्या सीएसआरमधला एक दिवसाचा वृक्षारोपण कार्यक्रम. पथकात काय असतं ते बघा: गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून रोज संध्याकाळी सराव, पगार नसलेली शंभर-दीडशे माणसं, सरावाच्या जागेवरून शेजाऱ्यांच्या तक्रारी, पोलिसांच्या परवानग्या, आवाजाचे नियम, कुठल्या मंडळाची सुपारी घ्यायची आणि कुठली नाकारायची. पगार किंवा बढती हातात नसताना माणसं वेळेवर येतात ती कशामुळे, याचं उत्तर ज्याला सापडलंय त्याच्याकडे नेतृत्वाचा निबंध तयार आहे. गडसंवर्धनाच्या मोहिमा, एनएसएसची शिबिरं, सोसायटीच्या पुनर्विकासाची समिती यांचंही तसंच. परक्या वाचकासाठी एकच ओळ पुरते: सणाच्या मिरवणुकीत वाजवणारं, पूर्णपणे स्वयंसेवकांचं, दीडशे जणांचं वादनपथक. एवढं सांगून थेट पेचावर या. संस्कृतीची माहिती देत बसलात तर निबंध पर्यटनाच्या पत्रकासारखा होतो.

ध्येयाचा निबंध वेगळ्या जातीचा आहे. तिथे गोष्ट नको, तर्क हवा. एमबीएनंतर लगेच कुठल्या प्रकारच्या कंपनीत, कुठल्या पदावर, कुठल्या देशात. दहा वर्षांनी काय. त्यासाठी आज काय कमी पडतंय. ते इथे कसं मिळेल. 'कन्सल्टिंगमध्ये जाऊन मग स्वतःचा व्यवसाय' हे ध्येय म्हणून फार ढोबळ आहे. 'इलेक्ट्रिक वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ऑपरेशन्स स्ट्रॅटेजी, कारण इंजिनाचे भाग ओतणाऱ्या छोट्या पुरवठादारांचं काम येत्या काळात बदलणार आहे आणि तो बदल मी आतून पाहतोय' यात तुमच्या पाच वर्षांचा धागा पुढे जाताना दिसतो. ध्येय मोठं असायला हरकत नाही, फक्त पहिली पायरी अशी हवी की त्या बी-स्कूलमधून लोक खरोखर तिथे पोचतात. प्लेसमेंट अहवाल बहुतेक सगळे प्रसिद्ध करतात. लिहिण्याआधी तो उघडून वाचा.

'हीच संस्था का' या भागासाठी कसोटी एकच: नाव खोडून दुसऱ्या संस्थेचं घातलं तर वाक्य खोटं ठरतं का? 'जागतिक दर्जाचे प्राध्यापक आणि वैविध्यपूर्ण सहाध्यायी' हे सगळीकडे खपतं, म्हणजे ते कुठेच कामाचं नाही. कारखान्यातून येणाऱ्या माणसासाठी अमेरिकेतल्या एमआयटीचा लीडर्स फॉर ग्लोबल ऑपरेशन्स हा दोन वर्षांचा कार्यक्रम आहे. त्यात एमबीएबरोबर इंजिनिअरिंगची मास्टर्स मिळते आणि भागीदार कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप असते. मिशिगन विद्यापीठाच्या रॉस बी-स्कूलमध्ये पहिल्याच वर्षी सात आठवडे 'मॅप' नावाचा प्रत्यक्ष कंपनीतला प्रकल्प असतो. फ्रान्स आणि सिंगापूरमधल्या इन्सेडचं एमबीए दहा महिन्यांत संपतं, म्हणून नोकरीपासून दूर राहण्याचा काळ कमी. अशा एखाद्याच गोष्टीवर बोट ठेवा आणि ती तुमच्या कुठल्या उणिवेला लागू पडते ते लिहा. वेबसाइटवरून सात कोर्सची नावं उतरवण्यापेक्षा एका माजी विद्यार्थ्याशी अर्धा तास बोलून कळलेली एक गोष्ट जास्त वजनाची ठरते. एमआयटीच्या स्लोन बी-स्कूलला तर पारंपरिक निबंधाऐवजी 300 शब्दांचं कव्हर लेटर लागतं, तिथे दुसऱ्या संस्थेसाठीचा निबंध कापून चिकटवणं लगेच उघडं पडतं.

वैकल्पिक निबंध म्हणजे आणखी एक यशोगाथा सांगायची संधी नव्हे. इंजिनिअरिंगला एटीकेटी लागली, एक वर्ष गेलं, नोकरीत आठ महिन्यांचा खंड आहे, सध्याच्या साहेबांचं शिफारसपत्र देता येत नाही, यापैकी काही असेल तरच भरा. 100 ते 150 शब्द पुरेत. काय झालं, कशामुळे, आणि त्यानंतर कोणत्या गोष्टीवरून दिसतं की आता तसं नाही. पेपर तपासण्याच्या पद्धतीवर किंवा विद्यापीठावर एक वाक्यही खर्च करू नका. टक्केवारीचं 4 च्या जीपीएत रूपांतर स्वतःहून करायच्या फंदात पडू नका. फॉर्म सांगेल तसं, बहुधा गुणपत्रिकेवर आहे तसंच भरा.

शिफारसपत्राचा निबंधाशी संबंध लोक विसरतात. अनेक बी-स्कूल जीमॅकचा (जीमॅट घेणाऱ्या संस्थेचा) सामाईक फॉर्म वापरतात, आणि त्यात साहेबांना विचारलेलं असतं: अर्जदाराला तुम्ही दिलेली सगळ्यात महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती, आणि त्यानं ती कशी घेतली? तुम्ही निबंधात 'मी फार परफेक्शनिस्ट आहे' ही गुळगुळीत उणीव लिहिलीत आणि साहेबांनी लिहिलं की हा दुसऱ्यावर काम सोपवत नाही, तर ती विसंगती लगेच दिसते, कारण दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवूनच वाचले जातात. साहेबांना पत्र लिहून देऊ नका. पण कोणते प्रसंग तुम्ही निबंधात घेतले आहेत, हे त्यांना तोंडी जरूर सांगा. उणीव खरीच लिहा, मात्र तिच्यावर सध्या चालू असलेल्या कामासकट.

अमेरिकेतल्या राऊंड 2 च्या तारखा बहुतेक जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येतात, म्हणून नोव्हेंबर उजाडण्याआधी प्रसंगांची यादी तयार हवी. दिवाळीची सुट्टी जुन्या सहकाऱ्यांना फोन करून तपशील ताजे करायला उत्तम. पहिल्या संस्थेच्या निबंधांना चार-पाच आठवडे आणि सहा-आठ ड्राफ्ट लागतात, पुढच्यांना दीड-दोन आठवडे. सगळ्यात आवडती संस्था पहिली घेऊ नका. हात दुसऱ्या पसंतीवर बसवा. दोन ड्राफ्टच्या मध्ये निदान दोन दिवस फाइल उघडू नका, कारण लगेच वाचलं की डोकं जे लिहायचं होतं तेच वाचतं.

वाचायला दोघांनाच द्या: तुमचं काम जवळून पाहिलेला एक, आणि त्या क्षेत्राशी संबंध नसलेला एक. 'कसं वाटलं?' विचारू नका, कारण त्याला 'छान' हेच उत्तर येतं. ड्राफ्ट काढून घ्या आणि विचारा: यात मी काय ठरवलं? माझ्याकडे दुसरा कुठला पर्याय होता? वाचताना कुठे मागे जावं लागलं? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळालं नाही तर निर्णय अजून कागदावर उतरलेला नाही, तुमच्याच डोक्यात आहे. पाच-सहा जणांच्या सूचना घेतल्या की प्रत्येक जण स्वतःला खटकलेलं एकेक वाक्य काढतो आणि तुमचा आवाज त्याबरोबर जातो.

आयत्या नमुन्यांपासून लांब राहा. 2012 मध्ये अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या अँडरसन बी-स्कूलनं टर्निटिन या उचलेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर निबंध तपासून पन्नासच्या आसपास अर्ज उचलेगिरीमुळे नाकारले होते; आता तर अशी तपासणी अनेक ठिकाणी होते. एआयबद्दल प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा आहे आणि काही ठिकाणी वापर जाहीर करावा लागतो, म्हणून अर्जातल्या सूचना आधी वाचा. नियमानं परवानगी असली तरी त्याच्याकडून व्याकरण तपासून घेण्यापलीकडे जाऊ नका. निबंध त्याच्याकडून लिहून घेतला तर वर दिलेला पहिला उताराच परत मिळतो, फक्त जास्त सफाईदार इंग्रजीत.

शेवटची फेरी मोठ्यानं वाचायची. मग मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये नेऊन तिथून फॉर्मच्या खिडकीत चिकटवा, कारण वर्डमधून थेट टाकला की अवतरणचिन्हांच्या जागी कधीकधी भलतीच चिन्हं येतात. शब्दमर्यादा फॉर्मच्या मोजणीनं पाळा, वर्डच्या नव्हे. फाइलमध्ये बाकीच्या सगळ्या संस्थांची नावं एकेक करून शोधा. दुसऱ्याच बी-स्कूलचं नाव राहून गेलेले अर्ज दर वर्षी जातात. पीडीएफ प्रिव्ह्यू शेवटच्या ओळीपर्यंत बघा. अमेरिकेतल्या मुदतीची वेळ तिथल्या घड्याळाची असते, तरीही दोन दिवस आधी सबमिट करा. पाठवलेल्या अर्जाची प्रत संस्थेच्या नावानं वेगळी ठेवा. हार्वर्डमध्ये मुलाखत घेणाऱ्यानं तुमचा अख्खा अर्ज आधी वाचलेला असतो, आणि फेब्रुवारीत 'त्या सुपरवायझरचं पुढे काय झालं?' असं विचारलं गेलं तर आपण जानेवारीत नेमकं काय लिहिलं होतं ते पाहायला ती लागते.